डिस्क वाकलेली नाही, आधी मोजून दाखवा

‘डिस्क वाकलीय, साहेब.’ गाडी मर्सिडीज असो, बीएमडब्ल्यू असो, ऑडी असो की व्होल्वो, ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतंय अशी तक्रार घेऊन गेलं की हे वाक्य हमखास कानावर पडतं. का वाकली, असं विचारलं तर उत्तरही ठरलेलं असतं: गरम डिस्कवर पावसाचं पाणी उडालं असेल. मग पुढच्या दोन डिस्क, चार पॅड, पॅडचा सेन्सर आणि मजुरी असं मोठं बिल होतं. काही हजार किलोमीटर गाडी छान थांबते आणि मग शंभरच्या वेगावरून ब्रेक लावला की पुन्हा तीच थरथर. मालक म्हणतो, पार्ट डुप्लिकेट घातला. गॅरेजवाला म्हणतो, तुमची चालवायची पद्धत चुकते. आणि पुन्हा डिस्क बदलली जाते.

हा प्रकार इतका सरसकट चालतो की त्याबद्दल चीड येते. परत परत उद्भवणारा बिघाड एक गोष्ट स्पष्ट सांगत असतो: मूळ कारणाला अजून कुणी हात लावलेला नाही. बदललेली डिस्क हा बहुतेक वेळा त्या कारणाचा परिणाम असतो.

मुळात डिस्क नुसती वाकडी फिरत असेल तर पायाला एवढा धक्का बसायलाच नको. पुष्कळ गाड्यांचा कॅलिपर पिनांवर सरकणारा असतो. डिस्क फिरताना थोडी डावी-उजवीकडे झुलली तर दोन्ही पॅड तिच्याबरोबर झुलतात, पिस्टन जागचा फारसा हलत नाही. ज्या कॅलिपरमध्ये दोन्ही बाजूंना पिस्टन असतात, तिथे एका बाजूचं फ्लुइड दुसऱ्या बाजूला सरकतं. पेडलला जाणवणारी धडधड येते ती डिस्कची जाडी सगळीकडे सारखी नसल्यामुळे. जाड भाग पॅडांच्या मधून जाताना पिस्टन मागे ढकलला जातो, फ्लुइडचा दाब क्षणभर वाढतो. पातळ भाग आला की तो उतरतो. दाबाची ही चढउतार चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला होते आणि पेडलमधून पायापर्यंत, स्टिअरिंगमधून हातापर्यंत पोचते. त्यासाठी लागणारा फरक किती असावा? १५ ते २० मायक्रॉन पुरतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाच्या पाव भागाएवढा फरक दोन टनांची गाडी थरथरवतो, आणि तो डोळ्यांना किंवा बोटांना कळणं शक्य नाही. तेव्हा चाक काढून, डिस्ककडे नुसतं बघून ‘वाकलीय’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायचं कारण नाही.

ही माझी एकट्याची तक्रार नाही. कॅरोल स्मिथ हे रेसिंगच्या जगातले नावाजलेले अभियंते. १९६६ मध्ये फोर्डने ल मॉं जिंकली, त्या जीटी ४० मोहिमेत ते होते. ‘वाकलेल्या’ डिस्कच्या गैरसमजावर त्यांनी एक सविस्तर लेखच लिहिला. अशा ज्या तक्रारी त्यांनी तपासल्या त्यांत पॅडचा थर डिस्कवर असमान बसलेला आढळला, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा थर वाईट नसतो. तो सगळीकडे सारखा बसला तर ब्रेक उत्तम लागतो. एके ठिकाणी जास्त बसला तर तिथे घर्षण वाढतं, उष्णता वाढते, आणखी थर बसतो. तापमान साडेसहाशे अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं तर त्या जागच्या बिडाचीच रचना बदलून सिमेंटाइट नावाचं अतिशय कठीण संयुग तयार होतं. ते पृष्ठभागाच्या आतही पसरतं. म्हणून लेथवर डिस्कला फेस मारून आणली तरी काही दिवसांनी तीच जागा पुन्हा वर येते.

असमान थर बसण्याचा एक प्रसंग आपल्या घाटांत नेहमी दिसतो. बोरघाटात मुंबईकडे उतरताना गाडी साधारण ५०० मीटर खाली येते. दोन टनांच्या गाडीसाठी ही सुमारे ९८ लाख जूल ऊर्जा झाली. तीच गाडी १०० च्या वेगावरून पूर्ण थांबवायला साधारण ७.७ लाख जूल लागतात. म्हणजे घाटभर नुसत्या ब्रेकवर उतरलात, तर यातला मोठा वाटा डिस्कना पचवावा लागतो, जणू बारा-तेरा वेळा शंभरवरून गाडी थांबवली. पायथ्याशी टपरीवर थांबायचं, गिअर डी मध्ये आणि पाय ब्रेकवर घट्ट ठेवून गप्पा मारायच्या, तर तापलेला पॅड डिस्कच्या एकाच जागी दाबून धरला जातो आणि तिथे त्याचा ठसा उमटतो. उपाय फुकट आहे. उतारावर पॅडल शिफ्टने किंवा एम मोडमध्ये खालचा गिअर घ्या. घाट संपल्यावर दोन-तीन किलोमीटर ब्रेक फारसा न वापरता गाडी वाहती ठेवा. थांबल्यावर पी मध्ये टाकून पाय उचला.

तरी घाटात कधीही न जाणाऱ्या गाड्याही थरथरतात, आणि नव्या डिस्क बसवूनही ती थरथर परत येते. तिथे खरा गुन्हेगार वेगळा असतो: डिस्कच्या मागची हबची सपाटी. कोकणपट्टीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी हबवर गंज चढतो. त्यातली ०.०५ मिलिमीटरची एक खपली हब आणि डिस्कच्या मध्ये राहिली, तर हबच्या कडेला असलेला तो फरक डिस्कच्या मोठ्या घेराच्या टोकाला दुपटीहून जास्त होतो. नवी कोरी, अस्सल डिस्क पहिल्या दिवसापासून तिरकी फिरते. त्या दिवशी मालकाला काहीच जाणवत नाही, कारण जाडी अजून सारखी आहे. पण ब्रेक लावलेला नसतानाही प्रत्येक फेऱ्याला तोच उंचवटा पॅडला निसटता घासत राहतो. हजारो किलोमीटर घासून ती जागा पातळ होते आणि मग थरथर सुरू होते. काही हजार किलोमीटरनंतर दुखणं परत का येतं, याचं उत्तर हे आहे. गरम डिस्कवर उडालेल्या पाण्यात किंवा चालवण्याच्या पद्धतीत ते शोधून सापडणार नाही.

याच्या जोडीला असते टायरवाल्याची एअर गन. चाकाचे बोल्ट गनने कमीजास्त आवळले की हब आणि डिस्क यांच्यावर असमान ताण येतो. जर्मन गाड्यांच्या चाकाचे बोल्ट बहुतेक १२० ते १५० न्यूटन-मीटरने, समोरासमोरचे जोडीने, टॉर्क रेंच वापरून आवळायचे असतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. टायर बदलल्यानंतर काही दिवसांनी ब्रेक थरथरायला लागला असेल, तर पहिला संशय इथे घ्या. कॅलिपरच्या सुकलेल्या पिना, आतून फुगलेला ब्रेकचा होज, पॅडच्या बैठकीतला गंज यांमुळेही पॅड डिस्कला चिकटून राहतो. पुढच्या कंट्रोल आर्मचे बुश फाटलेले असतील, तर एरवी लक्षातही न येणारी थरथर स्टिअरिंगमध्ये मोठी होऊन येते. जड गाड्यांत हे बुश लवकर जातात आणि डिस्क बदलताना ते तपासायचं कुणी नाव काढत नाही.

मग गॅरेजला काय सांगायचं? दोन आकडे मागायचे. पहिला, मायक्रोमीटरने डिस्कभोवती आठेक जागी मोजलेली जाडी. दुसरा, डायल गेज लावून मोजलेला डिस्कचा झोल, डिस्क गाडीवरच असताना आणि बोल्ट आवळून. बहुतेक कंपन्या हा झोल ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या आत मागतात. तो जास्त आला, तर डिस्क काढून हब ब्रशने धातू चमकेपर्यंत साफ करायचा, डिस्क एका भोकाने फिरवून बसवायची आणि पुन्हा मोजायचं. डिस्क काढून मोजला तरी हबचाच झोल दिसत असेल, तर हब किंवा बेअरिंग बदलावं लागेल, डिस्क नव्हे. या कामाला अर्धा-पाऊण तास लागतो. डायल गेज ही काही दुर्मीळ वस्तू नाही, कुठल्याही लेथच्या दुकानात ती असते. लाखांच्या गाड्या हाताळणाऱ्या वर्कशॉपमध्ये ती कपाटात पडून राहावी, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

नव्या डिस्क आणि पॅड घातल्यावर त्यांची घडी बसवणंही कुणी सांगत नाही. मोकळ्या रस्त्यावर, मागे वाहन नाही हे पाहून, ८० वरून २० पर्यंत वेग हळूहळू आठ-दहा वेळा उतरवायचा. पूर्ण थांबायचं नाही. मग ब्रेक थंड होईस्तोवर गाडी चालवत राहायची. पॅडचा थर सारखा बसतो तो असा.

आणि पाण्याचं काय? लालबुंद डिस्कवर थंड पाणी मारलं तर तिला तडा जाऊ शकतो, हे खरं. म्हणून घाट उतरल्या उतरल्या चाकांवर पाइप धरू नका. पण शहरातल्या डबक्यातून गेल्याने डिस्क वाकते, हे खरं नाही. पावसाळ्यात पाणी लागणं गृहीत धरूनच ती बनवलेली असते. सकाळी तिच्यावर दिसणारा तांबूस गंजही पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो.

आता बाकीचे समज.

‘जोरात ब्रेक मारला की पेडल धडधडतं, म्हणजे बिघाड आहे.’ तो एबीएस आहे, आपलं काम करतोय. पाय उचलू नका, दाबून ठेवा.

‘फ्लुइड कमी दिसलं की वरून भरायचं.’ पॅड झिजले की पातळी आपोआप उतरते, म्हणून आधी पॅड बघा. ती झपाट्याने उतरत असेल तर गळती आहे.

‘फ्लुइड काळं पडेपर्यंत चालतं.’ ते हवेतलं पाणी शोषतं, रंगावरून काही कळत नाही. अमेरिकेच्या ११६ क्रमांकाच्या वाहन सुरक्षा मानकानुसार डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश हवा, पाणी शोषल्यावर किमान १५५. घाटात पेडल एकाएकी मऊ पडतं ते या फरकामुळे. दर दोन वर्षांनी बदला.

‘भोकांच्या डिस्क घातल्या की प्रश्न सुटतो.’ तिरकी बसवली तर तीही तशीच घासते, शिवाय भोकांपासून तडे जायची भीती असते.

‘मागचे पॅड कोपऱ्यावरचा मेकॅनिकही बदलेल.’ इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल, तर आधी स्कॅनरने सर्व्हिस मोड लावावा लागतो. पिस्टन जबरदस्तीने मागे ढकलला तर आतली यंत्रणा मोडते.

‘एवढी महाग गाडी, तिच्या ब्रेकमध्ये कंपनीची चूक कशी असेल?’ असते. मर्सिडीजने २००१ मध्ये एसएलमध्ये आणि पुढच्या वर्षी ई-क्लासमध्ये सेन्सोट्रॉनिक नावाची इलेक्ट्रॉनिक ब्रेक यंत्रणा आणली. तिच्यासाठी २००४ मध्ये सुमारे ६.८ लाख गाड्या परत बोलावल्या आणि २००६ मध्ये ई-क्लासमधून ती काढूनच टाकली. २०२२ मध्ये ब्रेक बूस्टर गंजण्याच्या शक्यतेमुळे २००४ ते २०१५ दरम्यानच्या एमएल, जीएल आणि आर-क्लासच्या जगभरातल्या जवळपास दहा लाख गाड्या परत मागवल्या आणि तपासणी होईपर्यंत त्या चालवू नका असं मालकांना सांगितलं. २०२४ मध्ये कॉन्टिनेंटलने पुरवलेल्या ब्रेक यंत्रणेमुळे बीएमडब्ल्यूच्या सुमारे १५ लाख गाड्यांना रिकॉलचा फटका बसला. तेव्हा वॉर्निंग लाइट वारंवार लागत असेल, तर पार्ट बदलायच्या आधी आपला चासी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघा. रिकॉल असेल तर दुरुस्ती मोफत होते.

नुसती थरथर असेल तर मोजमाप करायला वेळ आहे. पण पेडल खाली जात असेल, लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत असेल किंवा लाल दिवा लागला असेल, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या. आणि तिथे पुन्हा ‘डिस्क वाकलीय’ असं ऐकलंत, तर जाडी आणि झोल हे दोन्ही आकडे जॉबकार्डवर लिहून घेतल्याशिवाय नव्या डिस्कची ऑर्डर देऊ नका.