बारा व्होल्टचा वारा

मे महिन्यात नंदुरबारचा पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढतो. पत्र्याच्या छताखालच्या दुकानात त्याहूनही जास्त. अशा हवेत कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला कितीही पंखे लावले, तरी आतलं तापमान खोलीच्या खाली उतरणार नाही. पंखा थंडावा तयार करत नाही. हवा इकडून तिकडे ढकलतो, एवढंच. हे सगळ्यांनाच माहीत असतं, आणि तरीही उन्हाळा लागला की दुरुस्तीवाल्याकडे "अजून दोन पंखे टाकून द्या" ही फर्माईश सुरू होते.

थोडा हिशेब मांडू. लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करणाऱ्या स्टुडिओतला दमदार कॉम्प्युटर, ग्राफिक्स कार्डासकट, कामाच्या भरात ३०० वॅट सहज खातो. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. कॅबिनेटमधून मिनिटाला ५० घनफूट हवा वाहत असेल, तर बाहेर पडणारी हवा आत शिरलेल्या हवेपेक्षा साधारण ११ अंशांनी गरम निघते. हवा १०० घनफुटांवर नेली की हा फरक साडेपाच अंशांवर येतो. २०० वर नेली तर जेमतेम पावणेतीन. म्हणजे खोली ४३ वर असताना पहिल्या दुपटीने साडेपाच अंश पदरात पडले, दुसरीने त्याच्या निम्मेच, आणि तिसरी दुप्पट केवळ आवाजाची धनी. शेवटी ४३ चा आकडा तसाच उरतो.

मग तीन-चार पंखे तरी कशाला? कारण पंख्याचं गणित वेगाच्या बाबतीत फार उदार आहे. वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण लागणारी वीज आठव्या हिश्शावर येते आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. एकच पंखा पूर्ण वेगाने पळवण्याऐवजी तसेच तीन पंखे ६० टक्के वेगाने फिरवले, तर मोकळ्या हवेत पावणेदोन पटींहून थोडी जास्त हवा मिळते, आवाज सहा डेसिबलने कमी होतो आणि तिघांची मिळून वीज एका पंख्याच्या दोनतृतीयांश लागते. कॅबिनेटमध्ये जाळ्या, केबली आणि हीट सिंकच्या पात्या आडव्या येतात, म्हणून प्रत्यक्षात आकडे इतके देखणे राहत नाहीत. पण दिशा हीच. पंखे जास्त असावेत आणि सगळे सावकाश फिरावेत. अट एवढीच, की सगळ्यांचा वेग एका हाताने आवरता आला पाहिजे. फॅन हब लागतो तो इथे.

मदरबोर्डवर पंख्यासाठी जी चार काड्यांची जागा असते, तिची साधारण मर्यादा १ अँपिअर, म्हणजे १२ व्होल्टवर १२ वॅट. पंपासाठीच्या काही जागा २-३ अँपिअर झेपवतात, पण तसं बोर्डाच्या पुस्तिकेत लिहिलेलं असलं तरच. कॅबिनेटचा १२० मिलिमीटरचा पंखा पाव अँपिअरपर्यंत खातो असं धरा. सहा पंख्यांचे दीड अँपिअर झाले, आणि थांबलेला पंखा सुरू होताना क्षणभर त्याहून जास्त ओढतो. दोन पंखे एका जागेवर जोडणारी वाय आकाराची स्प्लिटर केबल स्वस्तातली गोष्ट आहे आणि दोन पंख्यांना ती पुरतेही. तिच्यावर स्प्लिटर, त्याच्यावर आणखी स्प्लिटर असं झाड वाढवत नेलं, की बोर्डावरचा तो छोटा भाग जळतो आणि काही हजारांचा मदरबोर्ड एका केबलीपायी जातो.

हब काय करतो, हे शहादा-तळोद्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला एका वाक्यात सांगता येईल: विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर. हिरव्या बटणातून मोटरचा करंट जात नाही. बटण फक्त आतल्या कॉइलला हुकूम देतं, आणि मोटरला लागणारी थ्री-फेज वीज वेगळ्या वाटेने येते. फॅन हबमध्येही पंख्यांची वीज थेट एसएमपीएसकडून, म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायकडून, साटाच्या पंधरा पिनी प्लगमधून येते. त्या प्लगच्या १२ व्होल्टच्या पिना मिळून साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट देऊ शकतात. आठ-दहा पंख्यांना ते भरपूर. मदरबोर्डकडून हबला एकच बारीक केबल जाते. तिच्यातून येते ती आज्ञा: किती वेगाने फिरायचं.

ही आज्ञा समजून घ्यायची तर पंख्याच्या चार तारा पाहाव्या लागतात. पहिली जमीन, दुसरी १२ व्होल्ट. तिसरी पंख्याची बातमी परत नेते: एका फेऱ्यात दोन ठोके. पंखा मिनिटाला १२०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ४० ठोके पोहोचतात आणि बोर्ड त्यावरून वेग मोजतो. चौथी तार पीडब्ल्यूएमची. तिच्यातला संकेत सेकंदाला २५ हजार वेळा चालू-बंद होतो, आणि त्यातला किती हिस्सा चालू आहे त्यावरून पंखा आपला वेग ठरवतो. २५ हजारच का? माणसाचा कान वीस हजारांच्या पुढे ऐकत नाही, म्हणून. याहून मंद ठेका असता तर मोटरची शीळ ऐकू आली असती.

इंटेलने २००४ मध्ये नव्या सॉकेटबरोबर ही चार तारांची पद्धत घरोघर पोहोचवली. तिच्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी: चौथी तार तुटली, निसटली किंवा उंदराने कुरतडली, तर पंखा थांबत नाही, पूर्ण वेगाने फिरू लागतो. आज्ञा मिळेनाशी झाली की जास्तीत जास्त काम करायचं, असं त्याच्या आतच ठरवून दिलेलं आहे. सरकारी यंत्रणांत ही रीत सहसा आढळत नाही.

पण हबची एक खोडही इथूनच निघते. सहा पंख्यांचे ठोके एकाच तारेत सोडले तर बोर्डाला काहीच कळणार नाही. म्हणून हब फक्त एका पंख्याची, बहुतेकदा पहिल्या क्रमांकाच्या किंवा वेगळ्या रंगाच्या जागेवरच्या पंख्याची, बातमी वर पाठवतो. बाकीच्यांची तिसरी तार तिथेच संपते. ती पहिली जागा रिकामी ठेवून इतरत्र पंखे लावले आणि हब प्रोसेसरच्या पंख्याच्या जागेवर जोडला असेल, तर कॉम्प्युटर सुरू होतानाच पंख्याची चूक दाखवून अडून बसतो. लोक एफ-१ दाबून रोज पुढे जातात. त्याहून वाईट म्हणजे चौथ्या जागेवरचा पंखा बंद पडला तरी पडद्यावर सगळं आलबेल दिसतं. म्हणून महिन्यातून एकदा बाजूचं झाकण काढून प्रत्येक पंखा डोळ्यांनी पाहावा. आणि प्रोसेसरचा पंखा शक्यतो हबवर घेऊच नये. त्याची बातमी थेट बोर्डाला मिळू द्यावी.

दुसरा फसवा प्रकार तीन तारांच्या पंख्यांचा. ते स्वस्त मिळतात आणि हबच्या जागेत छान बसतातही. पण त्यांना चौथी तारच नाही. बोर्ड त्यांचा वेग व्होल्टेज कमी करून आवरू शकतो. हब मात्र सदैव अख्खे १२ व्होल्ट देत राहतो. परिणामी ते दिवसरात्र पूर्ण वेगाने फिरतात, आणि मालकाला वाटतं हब खराब निघाला.

आता धुळीकडे येऊ, कारण नंदुरबारात उष्णतेइतकीच ती महत्त्वाची. दिवाळीच्या सुमारास शहराभोवती मिरची वाळवायच्या पथारी पसरायला लागतात. मैलभर अंतरावरून लाल दिसणाऱ्या त्या मैदानांतून उडणारी बारीक पूड नाकाला आधी कळते, कॉम्प्युटरला नंतर. जिनिंगच्या परिसरात कापसाचे तंतू हवेत असतात. त्यांचं वागणं धुळीपेक्षा वाईट: हीट सिंकच्या पात्यांवर ते आधी जाळी विणतात, मग धूळ त्या जाळीवर बसते, आणि काही महिन्यांत तिथे गोधडीच तयार होते. अशा हीट सिंकवर सहा पंखे लावा की आठ. हवा पात्यांमधून जातच नाही.

यावरचा उपाय हबमुळे सोपा होतो. हवा आत घेणारे पंखे जास्त आणि बाहेर टाकणारे कमी ठेवले, समजा पुढे तीन आणि मागे एक, तर कॅबिनेटमध्ये बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त दाब राहतो. मग फटीफटींतून हवा बाहेर जाते, आत येत नाही, आणि आत येणारी सगळी हवा पुढच्या गाळणीतूनच येते. गाळणी काढून धुणं पाच मिनिटांचं काम. हीट सिंक उघडून साफ करणं अर्ध्या दिवसाचं. मात्र गाळणी तुंबली की हे सारं उलटं होतं, म्हणून मिरचीच्या हंगामात ती दर पंधरवड्याला धुवावी. ब्लोअरने साफ करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. ब्लोअरच्या झोतात पंखा भन्नाट फिरताना बघायला मजा वाटते, पण त्यात त्याचं बेअरिंग जातं.

आणि कूलर. खानदेशातल्या कोरड्या उन्हाळ्यात गवताचा कूलर खोली आठ-दहा अंशांनी सहज उतरवतो. वरच्या हिशेबात जो ४३ चा आकडा हलत नव्हता, तो हलवणारं साधन हेच. कॉम्प्युटरसाठी कुठल्याही हबपेक्षा कूलरचा उपयोग मोठा, हे हबवरच्या लेखात लिहिताना जरा अवघड वाटतं, पण खरं तेच आहे. फक्त कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर नको. त्यातून पाण्याचे बारीक तुषार आणि क्षार उडतात. खोली गार होऊ द्या, कॅबिनेट आपोआप गार हवा घेईल. जूनमध्ये पाऊस आला की कूलर निरुपयोगी होतो, पण तोवर पाराही उतरलेला असतो.

वेग ठरवणारा आलेख, म्हणजे बायोसमधली फॅन कर्व्ह, हाच खरा कारभारी. कंपनीने घालून दिलेली कर्व्ह साधारण २५ अंशांच्या खोलीसाठी असते. मेमध्ये नंदुरबारात काही काम नसतानाही प्रोसेसर पन्नाशी ओलांडून बसतो, त्यामुळे त्या कर्व्हवर पंखे सकाळपासून ओरडत राहतात. उन्हाळ्यापुरती कर्व्ह दहा-पंधरा अंशांनी पुढे सरकवावी: ६० पर्यंत निम्मा वेग, तिथून चढ, ८५ ला पूर्ण. आजचे प्रोसेसर ९५-१०० अंशांना स्वतःच वेग कमी करून जीव वाचवतात, त्यामुळे ७५ पाहून घाबरायचं कारण नाही. वेग बदलायला काही सेकंदांचा विलंब ठेवण्याची सोय बायोसमध्ये असते, तीही वापरावी. नाहीतर प्रत्येक क्लिकला पंखे दचकतात. हिवाळ्यात अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब परिसरात काही वर्षी दवबिंदू गोठतात, तेव्हा याच पंख्यांना जवळजवळ सुट्टी देता येते. तोरणमाळ तर सुमारे ११५० मीटर उंचीवर. तिथे हवा गार खरी, पण विरळही; त्याच तापमानाला घनता समुद्रसपाटीपेक्षा बारा-तेरा टक्क्यांनी कमी. पंखा तेवढेच घनफूट ढकलतो, त्यात वजनाने हवा कमी असते आणि ती उष्णताही कमी वाहून नेते. गारव्याचा फायदा अर्थातच या तोट्यापेक्षा मोठा.

पंख्यांशी कॉम्प्युटरवाल्यांचं नातं सुरुवातीपासून कुरबुरीचं आहे. १९८० च्या ॲपल थ्रीमध्ये आवाज नको म्हणून पंखाच ठेवला नव्हता. मशिनं तापून बिघडत राहिली आणि ते मॉडेल बदनाम झालं. १९८१ च्या आयबीएम पीसीत फक्त पॉवर सप्लायला पंखा होता. प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा आला तो १९९३ च्या पेंटियमच्या आगेमागे. आता मोठ्या यंत्रांचं हवेवर भागत नाही: पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ साली बसवलेल्या परम ब्रह्म या महासंगणकात थंड द्रव थेट तापणाऱ्या भागांना टेकवून फिरवला जातो.

या जिल्ह्यातल्या बहुसंख्य कॉम्प्युटरांना मात्र यातलं काहीच लागत नाही. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. त्यानंतर गावोगाव जी सेवा केंद्रं आली, तिथली मशिनं फॉर्म भरतात, दाखले छापतात. त्यांची भूक पन्नास-साठ वॅटची. त्यांना प्रोसेसरचा एक पंखा, मागे एक पंखा आणि स्वच्छ हीट सिंक पुरे. तिथे हब विकणारा दुकानदार आपलं भलं करतोय, तुमचं नाही. हब घ्यावा तो चार किंवा जास्त पंख्यांसाठी: मिक्सिंगवाले, फ्लेक्सचं डिझाइन करणारे, घरांचे थ्रीडी आराखडे काढणारे, आणि गेम खेळणारी मुलं, जी या सगळ्यांपेक्षा या विषयात हुशार असतात.

विकत घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. एसएमपीएसला साटाची जागा शिल्लक नसेल तर जुन्या मोलेक्स प्लगवरून साटा करणारी, एकसंध प्लास्टिकमध्ये ओतलेली स्वस्त केबल घेऊ नये. तिच्या आत तारा एकमेकींना टेकून आग लागल्याची उदाहरणं जगभर आहेत. त्यापेक्षा मोलेक्सवर चालणाराच हब घ्यावा. दुसरं, रंगीत दिव्यांच्या पंख्यांचे सहा पिनी संच ज्या कंपनीचे, त्याच कंपनीच्या हबवर चालतात, आणि त्यांतले बरेच बोर्डाचं न ऐकता फक्त रिमोटचं ऐकतात. दिव्यांच्या प्लगमध्येही तीन पिनी ५ व्होल्टचा आणि चार पिनी १२ व्होल्टचा असे दोन प्रकार असतात. पाचाचा दिवा बारावर लावला की तो जळतो.

तिसरं फार साधं. हब कॅबिनेटच्या आत डबल टेपने चिकटवायचा असतो. डब्यातून येते ती टेप पन्नास अंशांच्या हवेत एखाद्या दुपारी सुटते, आणि हब नेमका खालच्या ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यावर पडतो. प्लास्टिकच्या दोन पट्ट्यांनी तो मागच्या पत्र्याला आवळून टाकावा.