वठलेल्या फांदीवरचे सुतार

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पुण्यात पक्षी पाहायला येणाऱ्या नवख्यांना आम्ही छातीठोकपणे सांगायचो: एम्प्रेस गार्डनला जा, विद्यापीठाच्या आवारात जा, नाहीतर तळजईवर जा, सोनपाठी सुतार तुम्हाला दिसणारच. आजही हे विधान बऱ्याच अंशी खरं आहे. सुतारांच्या अख्ख्या कुळात माणसाच्या शेजाराला इतका सरावलेला पक्षी आपल्याकडे दुसरा नाही. जुन्या बंगल्याच्या परसातला नारळ, रस्त्याकडेचा गुलमोहर, शाळेच्या मैदानातला पर्जन्यवृक्ष, त्याला काहीही चालतं. मात्र या पंचवीसेक वर्षांत त्याला पाहण्याची आणि टिपण्याची रीत बदलली, तशा त्याच्या घराच्या जागाही बदलल्या. पहिल्या बदलाबद्दल आम्ही मंडळी भरभरून बोलतो. दुसऱ्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून हा मागोवा.

तेव्हा हाताशी सलीम अलींचं १९४१ पासून आवृत्त्या निघत आलेलं पुस्तक असे, एखादी दुर्बीण असे आणि कॅमेऱ्यात ३६ फोटोंचा रोल. रोल महाग, धुवायचा खर्च वेगळा, त्यामुळे बोट सहजासहजी बटणावर जात नसे. सुतार सावलीतल्या खोडावर बसणारा, त्यात सतत मान हलवणारा. कमी उजेडात संथ रोलवर धड स्वच्छ यायचं आणि डोकं फिसकटलेलं. शिवाय माणसाची चाहूल लागली की हा पठ्ठ्या खोडाच्या पलीकडच्या बाजूला सरकतो. आपण वळसा घालावा, तर तो पुन्हा आपल्या विरुद्ध बाजूला. यावर आमच्यातल्या जुन्या जाणत्यांनी सांगितलेला उपाय म्हणजे दोघांनी जायचं, एकानं खोडाच्या एका बाजूला नुसतं शांत उभं राहायचं आणि दुसऱ्यानं कॅमेरा घेऊन पलीकडे बसायचं. बहुतेक फोटो असे जोडीनं मिळालेले आहेत.

फोटो कमी निघत, म्हणून पाहणं जास्त होई. त्या काळात एका सोसायटीच्या आवारातल्या अर्धवट वठलेल्या गुलमोहरावरचं सोनपाठीचं घरटं विणीचा अख्खा हंगाम पाहायला मिळालं. झाडाच्या बुंध्याशी ताजा, फिकट रंगाचा भुसा पडलेला दिसला की वर काम चालू आहे हे ओळखायचं. भोक आधी खोडात आडवं जातं, मग खाली उतरतं. आत अंथरूण असं काही नाही, राहिलेल्या भुशावरच पांढरी अंडी. नराच्या माथ्यापासून तुऱ्यापर्यंत सगळं लालभडक, तर मादीच्या कपाळावर काळ्यात पांढरे ठिपके आणि लाल फक्त मागचा तुरा. हे एकदा डोळ्यांत बसलं की पाळ्या कशा बदलतात ते कळू लागतं. एक जण येऊन भोकाच्या खाली चिकटतो, आतला डोकं बाहेर काढतो, क्षणभर थांबतो आणि उडून जातो. मग आलेला आत शिरतो. अंडी साधारण अकरा दिवसांत फुटतात, पिल्लं वीसेक दिवसांत घरटं सोडतात. शेवटच्या दिवसांत तर पिल्लांचा कलकलाट खाली बाकावर बसलेल्या आजोबांनाही ऐकू यायचा. पिल्लं गेली आणि पुढच्या मोसमात त्याच भोकात साळुंकीनं बस्तान बसवलं. सुतारानं कोरायचं आणि साळुंकी, दयाळ, पोपट यांनी राहायचं, ही बागांमधली जुनी व्यवस्था आहे. या पक्ष्यांना स्वतःला खोड कोरता येत नाही.

२००३-०४ च्या सुमारास डिजिटल एसएलआर आवाक्यात येऊ लागले आणि सगळं झपाट्यानं पालटलं. रोलची काटकसर संपली. पुढे लांब पल्ल्याच्या झूमचे एकसंध कॅमेरे आले, आणि लेन्सवर लाखभर रुपये न घालता निवृत्त शिक्षक, गृहिणी, कॉलेजची मुलं सुतार टिपू लागली. हे फार चांगलं झालं, असं माझं ठाम मत आहे. एका सेकंदात अनेक फोटो घेता आल्यामुळे डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या गोष्टी दिसल्या. चोच लाकडावर आदळण्याच्या ऐन आधी डोळ्यावर ओढला जाणारा पापुद्रा, खोडावर टेकू दिलेली शेपटीची ताठ पिसं, दोन पुढे आणि दोन मागे वळलेली बोटं, सालीखाली शिरणारी लांब जीभ.

याच काळात सुताराच्या डोक्याबद्दलची जुनी समजूतही तपासली गेली. इतके घाव घालूनही त्याच्या मेंदूला इजा कशी होत नाही, हा प्रश्न फिलिप मे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये मांडला होता. त्याबद्दल २००६ मध्ये मे आणि आयव्हन श्वॅब यांना इग नोबेल मिळालं. कवटी स्पंजसारखी धक्का शोषून घेते, असं आम्हीही शाळेतल्या मुलांना सांगत आलो. २०२२ मध्ये वेगवान चित्रीकरणाच्या आधारे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं वेगळंच दाखवलं. धक्का शोषला गेला तर घावातली ताकदच वाया जाईल. सुताराचं डोकं ताठ हातोडीप्रमाणे काम करतं, आणि मेंदू एवढासा असल्यामुळे तो धक्का त्याला सोसतो.

नोंदींचं कामही वाढलं. फेब्रुवारीतल्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’मध्ये भारत २०१३ पासून आहे, गच्चीवरून पंधरा मिनिटं पाहून केलेली नोंदही त्यात चालते. त्यामुळे लोक जवळ पाहायला शिकले. बाभूळ-खैराच्या विरळ झाडीतला मराठा सुतार, बारीक वाळक्या काटक्यांना उलटा लटकणारा चिमणीएवढा सुतार, हिवाळ्यात जमिनीवर मुंग्या टिपणारी मानमोडी, हे सगळे शहराच्या कडेला राहतात हे अनेकांना अशा नोंदींतून समजलं.

सुविधा आल्या तसा उतावळेपणाही आला, आणि त्याचं वाईट वाटतं. मोबाइलवर सुताराचा आवाज वाजवला की आपल्या हद्दीत कोण शिरलं म्हणून तो धावत येतो. फोटो मिळतो, पण विणीच्या दिवसांत तेवढा वेळ पिल्लं उपाशी राहतात. भोक नीट दिसावं म्हणून आडवी येणारी फांदी तोडल्याचंही पाहिलं आहे. असा फोटो कितीही देखणा असला तरी तो दाखवू नये आणि त्याचं कौतुक करू नये.

याहून मोठा बदल झाडांचा आहे. बंगले पडून इमारती उभ्या राहिल्या, परसातले नारळ गेले. उरलेल्या बागा नीटनेटक्या झाल्या, आणि नीटनेटक्या बागेत वठलेलं लाकूड कुणालाच खपत नाही. सुताराला मात्र तेच हवं. आतून मऊ पडलेलं खोड कोरायला सोपं, आणि त्याच लाकडात भुंगेऱ्यांच्या अळ्या. भर म्हणजे त्याची वीण फेब्रुवारी ते जुलै आणि आपली पावसाळ्याआधीची फांद्यांची छाटणी एप्रिल-मेमध्ये. घरट्यात पिल्लं आणि खाली करवत, हे दरवर्षी घडतं. महाराष्ट्रात १९७५ पासून नागरी क्षेत्रातल्या झाडांसाठी कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणं आहेत. पण वठलेलं झाड म्हणजे तोडायला हरकत नाही, हा समज सोसायट्यांच्या बैठकांत अजून पक्का आहे.

धोकादायक फांदी काढावीच लागते, त्याबद्दल वाद नाही. रस्त्यावर, वाहनतळावर झुकलेलं लाकूड ठेवा असं कुणी म्हणणार नाही. पण बागेच्या कोपऱ्यात, कुंपणालगत, जिथं खाली कुणी बसत-उठत नाही तिथं फांद्या काढून दोन पुरुष उंचीचं खोड उभं ठेवता येतं. छाटणीची यादी करताना कुणीतरी दुर्बीण घेऊन प्रत्येक खोडावर भोक आहे का, बुंध्याशी भुसा आहे का, एवढं पाहावं. असेल, तर ते झाड पावसाळा संपेपर्यंत राहू द्यावं. आपल्या सोसायटीच्या पुढच्या बैठकीत हा विषय मांडा. छाटणीचा ठराव होण्याआधी मांडा.