दोन साहेबांनी घडवलेलं बेट

पोर्ट लुई : मॉरिशसच्या सर्वोच्च न्यायालयात एखादा वारसाहक्काचा दावा ऐकायला बसलेल्या पुणेकराचा पहिला तास गोंधळातच जातो. साक्षीदार बोलतो क्रिओलमध्ये. वकील दाखले देतो पॅरिसच्या न्यायालयांचे. न्यायमूर्ती मात्र निकाल लिहितात इंग्रजीत. साहेबाचा कायदा आणि मराठीतली साक्ष ही जोडी शिवाजीनगरच्या कोर्टात रोजचीच असते. इथे साहेब एक नव्हे, दोन होते.

त्याआधी डचही होते. ते डोडो पक्ष्याचा निकाल लावून १७१० मध्ये निघून गेले. १७१५ पासून फ्रेंचांनी बेटावर जम बसवला आणि आफ्रिका-मादागास्करमधून गुलाम आणून मळे उभे केले. डिसेंबर १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं. त्यांच्या फौजेत हिंदुस्थानातले शिपाईही होते. पण शरणागतीच्या तहात इंग्रजांनी मळेवाल्यांचा धर्म, कायदे, रीतिरिवाज आणि मालमत्ता यांना हात न लावण्याचं वचन दिलं. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने दख्खनमध्ये वतनं आणि इनामं राखण्याची हमी दिली, त्यामागचा हिशेबही हाच. वरचा थर शांत ठेवला की राज्य स्वस्तात चालतं.

मॉरिशसमध्ये ते वचन दोनशे वर्षांनंतरही पाळलं जातंय. दिवाणी कायद्याचा पाया नेपोलियनच्या संहितेचा आहे, तर न्यायालयांचा आणि संसदेचा साचा लंडनचा. संसदेची अधिकृत भाषा इंग्रजी असली तरी सभापतींना उद्देशून फ्रेंचमध्ये बोलण्याची मुभा राज्यघटनेनेच दिली आहे. प्रमुख दैनिकं फ्रेंचमध्ये निघतात. नोटांवर रुपया आहे, कारण मजूर आणि व्यापार यांच्या पाठोपाठ हिंदुस्थानी रुपयाच इथे इतका फिरू लागला, की एकोणिसाव्या शतकात सरकारला तोच स्वीकारावा लागला.

देश १२ मार्च १९६८ ला स्वतंत्र झाला, १९९२ मध्ये प्रजासत्ताक झाला. तरीही शेवटचं अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जातं. यातला विरोधाभास २५ फेब्रुवारी २०१९ या एकाच दिवसाने उघडा केला. त्या दिवशी प्रिव्ही कौन्सिलने मेडपॉइंट रुग्णालयाच्या खरेदीच्या प्रकरणात तेव्हाचे पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ यांची निर्दोष सुटका कायम केली. आणि त्याच दिवशी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं, की ब्रिटनने १९६५ मध्ये मॉरिशसपासून शागोस बेटं तोडली ते बेकायदा होतं आणि ब्रिटनने तिथला ताबा लवकरात लवकर सोडावा. मॉरिशस सरकारने दोन्हींचं स्वागत केलं. लंडनच्या न्यायावर भरवसा ठेवायचा आणि लंडनवरच दावाही लावायचा, यात इथल्या कोणाला काही वावगं वाटत नाही.

शागोसची किंमत ज्यांनी मोजली ते लोक मात्र या आनंदात बाजूलाच राहिले. त्यांतल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा तळ हवा होता म्हणून शागोसच्या रहिवाशांना १९६७ ते १९७३ दरम्यान हलवण्यात आलं. त्यातले बरेच पोर्ट लुईच्या गरीब वस्त्यांत येऊन पडले. मे २०२५ मध्ये ब्रिटनने सार्वभौमत्व परत देण्याच्या करारावर सही केली, तीसुद्धा तळ ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर ठेवून घेऊनच.

बेटाचा आर्थिक चेहरा उसाने घडवला. १८२५ मध्ये लंडनच्या बाजारात इथल्या साखरेवरचा जादा कर उठला आणि सगळं बेट ऊस लावत सुटलं. दहा वर्षांनी गुलामगिरी संपली. भरपाई मिळाली ती मालकांना, सुमारे २१ लाख पौंड. गुलामांना एक पैसाही नाही. त्यांच्या जागी करारावरचे मजूर आणले गेले ते हिंदुस्थानातून. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली, काही तमिळ-तेलुगू मुलखातली, आणि मुंबई बंदरातून निघालेली थोडी रत्नागिरीकडची, कोकणातली. एक दिवस कामावर गैरहजर राहिलं तर दोन दिवसांची मजुरी कापण्याची सोय कायद्यातच होती.

या मजुरांचा प्रश्न कलकत्त्याच्या कायदेमंडळात धसास लावणारा माणूस पुण्याचा होता. मार्च १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी करारबद्ध मजुरीची सगळी पद्धतच बंद करावी असा ठराव मांडला. सरकारी सभासदांच्या बहुमताने तो पडला. पण पुढच्या आंदोलनाचा पाया त्याच चर्चेने घातला.

मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत त्या मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत : क्रमांक, नाव, बापाचं नाव, जात, गाव. पुढे फोटोही आले. कारकुनाच्या कानाला जे ऐकू आलं ते त्याने रोमन अक्षरांत उतरवलं, आणि आजोबाचं पाळण्यातलं नाव नातवाचं आडनाव होऊन बसलं. त्यामुळे कोकणातल्या कुठल्या गावचे आपण, याचा शोध घेणाऱ्याला आडनावाचा उपयोग नसतो. वहीतला क्रमांकच लागतो.

वर्गवारीची ती खोड नव्या राष्ट्रानेही उचलली. निवडणुकीनंतर संसदेत समतोल राखण्यासाठी ज्या आठपर्यंत जादा जागा भरल्या जातात, त्यांसाठी राज्यघटनेने चार समाज मानले आहेत : हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि उरलेले सगळे. हिशेब मात्र १९७२ च्या जनगणनेचा, कारण त्यानंतर समाजवार मोजणीच झाली नाही. कागदावर मराठी माणूस हिंदूंत मोडतो. व्यवहारात मात्र हिंदी-भोजपुरी, तमिळ, तेलुगू आणि मराठी असे चार वेगळे गट आहेत, प्रत्येकाच्या संस्था आणि अनुदानं वेगळी. १९९८ मध्ये नव्या नोटांवर तमिळच्या आधी हिंदी छापली गेली, तेव्हा तमिळांनी एवढा गदारोळ केला की नोटा मागे घ्याव्या लागल्या.

मराठी समाज त्या मानाने चिमुकला, पण हजेरी लावण्यात मागे नाही. गणेशचतुर्थीची देशभर सुट्टी असते. कोकणातली जाखडी इथे झाकरी म्हणून टिकली आहे. मोक्यात एप्रिल २०२३ पासून शिवाजी महाराजांचा पुतळा उभा आहे. घरात मात्र आई मुलाला रागावते ती क्रिओलमध्येच, आणि मुलगा वर्तमानपत्र वाचतो ते फ्रेंचमध्ये. मराठी तो शिकतो शाळेत, ऐच्छिक विषय म्हणून. शाळेच्या मोठ्या परीक्षा आजही इंग्लंडशी बांधलेल्या आहेत, आणि केंब्रिजच्या परीक्षा मंडळाच्या विषययादीत मराठीही आहे. रत्नागिरीहून बोटीत बसलेल्या मजुराच्या पणतवंडांना मराठीतले गुण इंग्लंडातून मिळतात.