पिंक फ्लॉइड नेमका कोणाचा? चाहत्यांचा वाद आणि तुमचा रीसर्च क्वेश्चन



'कन्फाउंडिंग व्हेरिएबल'ची व्याख्या पेपरात सगळेच लिहितात. पण पीएच.डी.च्या इंटरव्ह्यूत "तुमच्या विषयात कन्फाउंडर कोणता?" असं विचारलं की गाडी अडते. म्हणून आज व्याख्या बाजूला ठेवू आणि एका रॉक बँडच्या चाहत्यांचं भांडण समजून घेऊ.

पिंक फ्लॉइड हा ब्रिटिश बँड. 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) आणि 'द वॉल' (१९७९) हे त्यांचे गाजलेले अल्बम. या दोन्हींतले शब्द मुख्यतः रॉजर वॉटर्सचे. तो १९८५ मध्ये बाहेर पडला. गिटारवादक आणि गायक डेव्हिड गिलमोर व ड्रमर निक मेसन यांनी बँडचं नाव चालू ठेवलं. त्यावरून प्रकरण कोर्टात गेलं आणि १९८७ च्या अखेरीस तडजोड झाली.

चाहत्यांचे दोन तट मात्र आजही कायम आहेत. एक तट म्हणतो, वॉटर्स गेला तिथेच बँड संपला. 'अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन' (१९८७) हा गिलमोरचा सोलो अल्बम, नाव तेवढं बँडचं. दुसरा तट म्हणतो, असं असेल तर 'द फायनल कट' (१९८३) हा वॉटर्सचा सोलो अल्बम धरा. त्यात कीबोर्डवादक रिचर्ड राइट नव्हताच, आणि सगळी गाणी वॉटर्सने लिहिलेली.

हा प्रयोग आहे का?

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे मोह होतो. एक जनुक बंद करून पेशीत काय बदलतं ते आपण बघतो. इथे तर बँडमधून एक माणूसच वजा झालाय! शिवाय १९८७ मध्ये दोन्ही बाजूंचे अल्बम आले. बँडचा अल्बम ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. वॉटर्सचा 'रेडिओ केऑस' ब्रिटनमध्ये २५ व्या आणि अमेरिकेत ५० व्या क्रमांकापर्यंत पोहोचला. मग गिलमोर जिंकला म्हणायचं?

थांबा. दोन्ही बाजूंमध्ये फक्त माणसं वेगळी नव्हती, नावही वेगळं होतं. एका अल्बमवर 'पिंक फ्लॉइड' छापलेलं, दुसऱ्यावर नाही. खपाचा फरक संगीतामुळे पडला की नावामुळे, हे या आकड्यांतून सुटं करता येत नाही. हाच कन्फाउंडर. तो तुमच्या कारणाशीही जोडलेला असतो आणि परिणामावरही स्वतःचा प्रभाव टाकतो.

काय मोजताय?

पुढची अडचण 'चांगला अल्बम' या शब्दांची. खप, समीक्षकांचं मत आणि श्रोत्यांचे गुण ही तीन वेगळी मापं आहेत. वॉटर्सचा 'अम्यूज्ड टू डेथ' (१९९२) किंवा गिलमोरचा 'ऑन ॲन आयलंड' (२००६) मुद्दाम शोधून ऐकणारा श्रोता बहुतेक वेळा आधीच त्यांचा चाहता असतो. अशा श्रोत्यांनी दिलेले गुण जास्त असले तर नवल नाही, कारण सॅम्पलच निवडून आलेलं आहे. सिलेक्शन बायस म्हणतात तो हा.

बेरीज की अभिक्रिया?

समजा नाव आणि सॅम्पल दोन्हींचा बंदोबस्त केला. तरी 'श्रेय वॉटर्सचं किती टक्के, गिलमोरचं किती?' हा प्रश्न एक गोष्ट गृहीत धरतो: दोघांच्या वाट्यांची सरळ बेरीज होते. सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण पारदर्शक असतं, मिठाचं पाणीही पारदर्शक. दोन्ही एकत्र केलं की पांढरा अवक्षेप येतो. तो कुठल्या परीक्षानळीतला? प्रश्नच चुकीचा आहे. वॉटर्सचे शब्द आणि गिलमोरची गिटार एकत्र आल्यावर जे घडलं, ते दोघांच्या सोलो अल्बममध्ये स्वतंत्रपणे सापडेलच असं नाही. स्टॅटिस्टिक्समध्ये याला इंटरॅक्शन म्हणतात.

मग उत्तर मिळणारच नाही? मिळेल, पण प्रश्न लहान करावा लागेल. 'मोमेंटरी लॅप्स'मध्ये मेसन आणि राइटचा वाटा कमी होता, बाहेरचे वादक बरेच होते. २०१९ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली. तिच्यात मेसनचे ड्रम नव्याने रेकॉर्ड केले आणि राइटचं कीबोर्ड वाढवलं. गाणी तीच, वादक बदलले! आता 'मूळ वादक असले की श्रोत्याला तो अल्बम बँडचा वाटतो का?' हे तपासता येतं. आवृत्त्यांची नावं लपवा, दोन्ही ऐकवा, मत घ्या. अर्थात मिक्सिंगही बदललंय, तेही हिशेबात धरा. २०२३ मध्ये वॉटर्सने 'डार्क साइड' जुन्या साथीदारांशिवाय पुन्हा रेकॉर्ड केला. तिथेही गाणी तीच, पण गायक ऐंशीचा आणि मांडणी पूर्ण वेगळी. म्हणजे एकाच वेळी किती व्हेरिएबल हलले, ते मोजा.

हे सगळं तुम्हाला कशाला? कारण लवकरच तुम्ही गाईड निवडणार आहात. नावाजलेल्या लॅबमधून चांगले पेपर येतात. ते गाईडच्या शिकवण्यामुळे, उपकरणांमुळे, की तिथे मुळात तयारीची मुलंच निवडली जातात म्हणून? नुसत्या नावावर चार-पाच वर्षं लावण्याआधी तिथल्या सीनियर्सना भेटा. गाईड ड्राफ्ट किती दिवसांत वाचून देतात, प्रयोग फसला तर सोबत बसतात का, हे विचारा.

आणि सिनॉप्सिस लिहायला बसलात की आधी तीन ओळी कागदावर उतरवा: मी काय मोजणार, कशाशी तुलना करणार, आणि काय दिसलं तर माझं म्हणणं सोडून देणार. तिसरी ओळ सुचत नसेल तर तुमच्याकडे अजून संशोधनाचा प्रश्न नाही, चाहत्याचं मत आहे. ते असायला हरकत नाही, फक्त त्यावर थीसिस उभा राहत नाही.