बोट आणि फुप्फुस

उज्जयिनीहून आगर रस्त्याने निघालेल्या वाटसरूच्या कानी आजही ‘विनोद मिल की चाल’, ‘हीरा मिल की चाल’ अशी स्थळनामे पडतात. परंतु ज्या गिरण्यांच्या भोंग्यावर या चाळींतील चुली पेटत त्या गिरण्या केव्हाच निमाल्या असून, १९९१ साली बंद पडलेल्या विनोद मिलच्या कामगारांना आपल्या हक्काच्या देण्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या पायरीपर्यंत जाऊन सुमारे तीन दशके तिष्ठत राहावे लागले. महाकाल, सांदीपनी आणि कालिदास यांच्या तेजात या नगरीचा हा घामाचा इतिहास झाकोळून गेला आहे. देण्यांचा हिशेब निदान न्यायालयाच्या दफ्तरी नोंदला गेला. पण त्याच कामगारांच्या छातीत वर्षानुवर्षे साचलेल्या कापसाच्या धुळीचा हिशेब कोणत्या दफ्तरात पाहावा?

कारखान्यांतील श्रमिकांच्या रक्षणाचा हिंदुस्थानातील पहिला कायदा १८८१ चा. मुंबईच्या सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारख्या मोजक्या सज्जनांची कळकळ आणि लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा व्यापारी मत्सर अशा दोन विजोड मातापितरांच्या पोटी जन्मलेल्या या अपत्याने सात वर्षांखालील मुलांना कामास लावण्याची मनाई केली, धोक्याच्या यंत्रांस कुंपण घालण्याची तरतूद केली, आणि शंभराहून कमी माणसे राबणारे कारखाने आपल्या कक्षेतून सरळ वगळले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी पुढे मुंबईत गिरणी कामगारांना संघटित करून १८९० साली आठवड्याची सुटी पदरात पाडून घेतली, हे सर्वश्रुतच आहे. उज्जयिनी मात्र शिंदे सरकारच्या मुलुखात होती. दौलतरावांनी १८१० साली राजधानी ग्वाल्हेरीस नेली तरी मालव्याचा कारभार मराठी कारकुनांच्या मोडी दफ्तरांतूनच चालत राहिला. आणि इंग्रजांचा कायदा संस्थानाच्या शिवेवर थबकत असल्यामुळे, येथील कामगाराचे संरक्षण म्हणजे जे काय असेल ते दरबारच्या मर्जीने.

त्या पहिल्या कायद्याचा एक स्वभावविशेष पुढील सव्वाशेहून अधिक वर्षे आपला पिच्छा पुरविणार होता. पट्ट्यात सापडलेला हात आणि दात्यांत तुटलेले बोट त्याला स्पष्ट दिसे. श्वासावाटे आत जाणारे विष त्याला दिसत नसे.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली संमत झालेला आणि १ एप्रिल १९४९ पासून अमलात आलेला कारखाना कायदा मसुद्यापुरता तरी या दोषापासून मुक्त होता. त्याच्या २१ व्या कलमाने यंत्रांस भक्कम कुंपण घालण्याचे कर्तव्य मालकावर टाकले. १४ व्या कलमाने धूळ व धूर उत्पन्न होताच तेथल्या तेथे खेचून घेण्याची, निदान ती कामगाराच्या श्वासात जाणार नाही अशी परिणामकारक व्यवस्था करण्याची जबाबदारी दिली. कापूस मोकळा करणाऱ्या यंत्राजवळ स्त्रिया व मुले यांस नेमू नये, एवढी बारीक नजर २७ व्या कलमात होती. अपघाताची वर्दी ८८ व्या कलमाखाली आणि व्यवसायजन्य रोगाची वर्दी ८९ व्या कलमाखाली, असा समतोलही त्यात होता. वैगुण्य राहिले ते अंमलबजावणीत. कुंपण आहे की नाही हे तपासनीस उंबरठ्यावरून पाहू शकतो; धूळ किती हे पाहण्यास उपकरण लागते, छातीचे क्ष-किरण छायाचित्र लागते, ते वाचणारा वैद्य लागतो, आणि मुख्य म्हणजे दहा-बारा वर्षे धीर धरून एकाच माणसाची नोंद ठेवणारे दफ्तर लागते. तिकडे १०६ व्या कलमाने तपासनिसास गुन्हा कळल्यापासून तीन महिन्यांच्या आत फिर्याद दाखल करण्याची मुदत घालून दिलेली. शिक्षा मूळची तीन महिने कैद अथवा पाचशे रुपये दंड. एखाद्या गिरणीमालकाने पाचशे रुपयांच्या धाकाने धूळ खेचणारे यंत्र बसविले असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

सुट्टीनंतर सोमवारी कामावर परतताच छाती आवळल्यासारखी होणे हे बिसिनोसिस या कापूसरोगाचे पहिले लक्षण. कार्डिंग खात्यातला माणूस ते तंबाखूवर, थंडीवर, कधी नशिबावर ढकली. आणि ज्या रोगाचे कारण रोगी धुळीत शोधतच नाही त्याची वर्दी कोण देणार?

या उपेक्षेचे सर्वांत दारुण प्रकरण मात्र गिरण्यांचे नसून, उज्जैन महसूल विभागातच मोडणाऱ्या मंदसौरचे आहे. आपण सर्वांनी बालपणी पाटीवर श्रीगणेशा गिरविला तो ज्या पेन्सिलीने, ती तेथील दगडातून, विजेवर फिरणाऱ्या करवतींनी कापून काढली जाई, आणि त्या दगडात निम्म्याच्या आसपास सिलिका असे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय-आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी येथील ५९३ कामगार तपासले आणि १९८५ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले त्यांनुसार शेकडा ५४.६ जणांना सिलिकोसिस जडलेला होता. पुढील अवघ्या सोळा महिन्यांच्या पाहणीत तेवीस जण दगावले, तेही सरासरी पस्तिशीच्या उंबरठ्यावर. मुलतानपुरा हे गाव विधवांचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले. हा रोग बरा होत नाही, काम सोडले तरी थांबतोच असे नाही. पेन्सिलीचे कारखाने बहुधा घरगुती आकाराचे. विजेवर दहा माणसे राबली तरच जागा ‘कारखाना’ ठरे, हा तेव्हाच्या कायद्याचा दंडक. ८५ व्या कलमाने लहान जागांसही कायदा लावण्याची मुभा राज्य शासनास दिलेली होती. परंतु मुभा म्हणजे कर्तव्य नव्हे. अखेर मध्य प्रदेश शासनाने १९८२ साली स्लेट पेन्सिल कर्मकारांच्या कल्याणनिधीचा स्वतंत्र अधिनियमच केला. कल्याणनिधी ही चांगलीच गोष्ट. पण तो प्रामुख्याने जडलेल्या रोगाचा मोबदला, आणि १४ व्या कलमाचा आशय तर रोग जडूच नये हा होता. अक्षरे ज्या हातांनी घडली त्या हातांच्या धन्याला श्वास पुरला नाही, हे मंदसौरची कोणतीही जुनी पेन्सिल हाती घेतली की मला आठवते.

मग २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळ घडले. त्या रात्री वायूने भिंत ओलांडून झोपलेल्या शहराच्या श्वासात प्रवेश केला, तेव्हा कोठे संसदेला हवेची आठवण झाली. कारखाना कायद्याच्या १९८७ च्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियांविषयी नवे प्रकरण घातले, हवेतील विषारी द्रव्यांच्या मर्यादा आकड्यांत बांधल्या, कामगारास आसन्न संकटाची सूचना देण्याचा हक्क दिला, आणि कंपनीच्या बाबतीत संचालकांपैकी कोणी तरी एक ‘भोगवटादार’ मानला जाईल असे ठरवून, कारखान्याच्या व्यवस्थापकाला पुढे करून आपण नामानिराळे राहण्याची मालकांची जुनी वाट बंद केली. या तरतुदीस आव्हान देण्यात आले ते सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली फेटाळले. उज्जैन जिल्ह्यातच नागदा येथे १९५४ पासून कृत्रिम रेशमाचा तंतू निघतो. त्या प्रक्रियेत लागणाऱ्या कार्बन डायसल्फाइडला आता दर दशलक्ष भागांत दहा भागांची मर्यादा लेखी मिळाली. मज्जातंतूंवर हळूहळू घाला घालणाऱ्या या द्रव्याने कधी कोणाचे बोट तोडले नाही.

इतके शिकूनही विस्मरण किती सुलभ असते याचा दाखला ५ मे २०२० चा. महामारीच्या धामधुमीत मध्य प्रदेश शासनाने एका जाहीरनाम्याने राज्यातील कारखान्यांना तीन महिन्यांसाठी कारखाना कायद्यातून सूट दिली आणि काही कलमे तेवढी राखून ठेवली. यंत्रांच्या कुंपणापासून धोकादायक प्रक्रियांपर्यंतची, २१ ते ४१-ह, ही कलमे राखली. ८८ वे, अपघाताच्या वर्दीचे, राखले. आरोग्याच्या प्रकरणातील धूळ, वायुवीजन, पिण्याचे पाणी यांची कलमे मात्र राखीव यादीत नव्हती, आणि रोगाच्या वर्दीचे ८९ वे कलमही नव्हते. हे दुष्टपणाने घडले असे मी म्हणणार नाही. कोणा कारकुनाने निरागसपणे, ‘सुरक्षितता’ म्हणजे जे डोळ्यांना दिसते तेच, या १८८१ पासूनच्या समजुतीने ती यादी लिहिली असावी. आणि म्हणूनच ती मला अधिक भयंकर वाटते. गुजरातच्या अशाच एका आदेशाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, तेव्हा १ ऑक्टोबर २०२० च्या निर्णयाने ती महामारी म्हणजे कायद्यातील ‘सार्वजनिक आणीबाणी’ नव्हे असे ठरविले.

त्यानंतर २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता अमलात आल्या. विजेवर चालणाऱ्या जागेस कारखाना म्हणण्यासाठी आता दहाऐवजी वीस माणसे लागतात, तपासनीस ‘निरीक्षक-नि-सुविधाकार’ झाला आहे, आणि कामगारांच्या वार्षिक वैद्यकीय तपासणीची तरतूद झाली आहे. या शेवटच्या तरतुदीत फुप्फुस तपासले जाणार असेल तर तिचे मोल मी उणे लेखणार नाही.

२०२८ च्या सिंहस्थासाठी क्षिप्रेकाठी घाटांची कामे चालू आहेत. हाती फिरणारे यंत्र घेऊन दगड कापणारा गडी तोंडाला ओला गमछा बांधतो, तो सुकला की नदीत पुन्हा बुडवून आणतो. त्या कापणीची पांढरी धूळ सायंकाळी वाऱ्यासरशी पाण्यावर उतरते.