सर्पगंधेची मुळी आणि औषधाचा पुरावा

औषधांच्या शोधाविषयी आपल्याकडे दोन समजुती ठाण मांडून बसल्या आहेत. सारे ज्ञान आपल्याकडे होतेच, पाश्चात्त्यांनी ते फक्त बाटलीत भरले, ही एक. आणि प्रयोगशाळेच्या आधीचे सारे थोतांड, ही दुसरी. सर्पगंधेचा इतिहास पाहिला की दोन्ही तोकड्या पडतात. वनस्पतीचा गुण ठाऊक असणे ही मोलाची सुरुवात असते. पण किती मात्रा, कोणत्या रुग्णाला, कशाच्या तुलनेत उपयोगी आणि त्याची शरीराला किंमत काय, या प्रश्नांची तपासून घेतलेली उत्तरे मिळाली की मगच तिचे औषध होते.

बिहारात ही मुळी ‘पागल की दवा’ म्हणून विकली जाई. 1931 मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि उच्च रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग होतो, असे वैद्यकीय नियतकालिकात मांडले. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमाँ सिद्दिकी यांनी मुळीतील अल्कलॉइड वेगळे काढायला सुरुवात केली आणि त्यांतल्या एकाला हकीम अजमल खान यांच्यावरून ‘अजमलीन’ हे नाव दिले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना मुळीच्या गोळ्या देऊन रक्तदाबाच्या पद्धतशीर नोंदी ठेवल्या आणि 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. जगाचे लक्ष गेले ते या लेखामुळे. बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी आपल्या रुग्णांवर हा उपचार पडताळला, आणि 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी मुळीतून ‘रेसरपिन’ वेगळे केले. वैद्य, हकीम, डॉक्टर, रसायनशास्त्रज्ञ यांपैकी एकही दुवा गाळला तर ही साखळी तुटते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : अख्खी मुळी चालत होती, तर त्यातला एकच घटक का काढायचा? मुद्दा मात्रेचा आहे. मुळीतील अल्कलॉइडांचे प्रमाण जमीन, हवामान आणि खोदणीचा काळ यांप्रमाणे बदलते. रेसरपिनची रोजची मात्रा मात्र एक मिलिग्रॅमच्या पाव हिश्श्याएवढी किंवा त्याहूनही कमी. मज्जातंतूंच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांत नॉरअॅड्रेनलिन साठवलेले असते. हे द्रव्य पिशवीत भरणारा प्रथिनाचा पंपच रेसरपिन बंद पाडते. मग बाहेर राहिलेले नॉरअॅड्रेनलिन विकरांच्या तावडीत सापडून नष्ट होते, रक्तवाहिन्या सैलावतात, नाडी मंदावते. गोळी थांबवल्यावरही हा परिणाम कित्येक दिवस टिकतो. इतक्या चिवट द्रव्याची मात्रा अंदाजपंचे ठरवणे म्हणजे रुग्णाशी खेळणे होय.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : तुलनेसाठी काही रुग्णांना औषधविरहित गोळी देणे निर्दयपणाचे नाही का? आज उत्तर ठाऊक असल्याने तसे वाटते. पण रक्तदाब उतरवल्याने माणूस खरोखर वाचतो का, याबद्दल त्या काळी जाणत्या डॉक्टरांतही एकमत नव्हते. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत 143 पुरुषांवर चाचणी झाली. त्यांचा खालचा रक्तदाब 115 ते 129 होता. निम्म्यांना रेसरपिनसह तीन औषधे मिळाली, बाकीच्यांना नुसती गोळी. 1967 मध्ये निष्कर्ष आला : नुसत्या गोळीच्या गटात गंभीर घटना 27, औषधाच्या गटात 2. रक्तदाबाची गोळी चुकवू नका, असे आज डॉक्टर बजावतात, त्यामागे अशाच चाचण्यांचा आधार आहे. अशी तुलना टाळली असती, तर संभ्रम लांबला असता आणि त्याची किंमत जगभरच्या रुग्णांनी मोजली असती.

आता रेसरपिन क्वचितच दिले जाते. मग एवढा खटाटोप वाया गेला का? मुळीच नाही. ते मागे पडण्याचे कारणही नोंदींतूनच पुढे आले. काही रुग्ण खिन्न होत, मोठ्या मात्रेने हालचाली मंदावत, हात थरथरत. खिन्नतेशी त्याचा संबंध किती थेट, यावर पुढे मतभेद झाले. हालचालींच्या दोषाने मात्र नवेच दार उघडले. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी 1957 मध्ये रेसरपिनने निपचित पडलेल्या प्राण्यांना एल-डोपा टोचले आणि ते पुन्हा हिंडू लागले. त्यातून मेंदूतील डोपामिनचे महत्त्व उमगले, आणि कंपवातावर आजही दिल्या जाणाऱ्या उपचाराचा पाया पडला. कार्लसन यांना 2000 चे नोबेल मिळाले. दुष्परिणाम झाकून ठेवले असते, तर हा शोध लागायला आणखी किती काळ गेला असता, कोण जाणे.

म्हणूनच परंपरेचा खरा आदर तिची चाचणी घेण्यात आहे. जी वनस्पती गुणकारी म्हणून विकली जाते, तिची मात्रा, परिणाम आणि धोके उघडपणे मोजले जावेत. आणि जी कंपनी नवे रसायन बाजारात आणते, तिच्या चाचण्यांचे प्रतिकूल निष्कर्षही लोकांसमोर यावेत. दोघांना एकच कसोटी लावण्याचा आग्रह आपण धरला पाहिजे, कारण पुराव्यातल्या त्रुटीची किंमत शेवटी रुग्णच चुकवतो.