त्वचेत मुरणारी साखर

मधुमेहाची तपासणी करताना डॉक्टर कधीकधी रुग्णाला नमस्कार करायला सांगतात. दोन्ही तळवे बोटांसकट एकमेकांना टेकवायचे, एवढंच. पण बरीच वर्षं मधुमेह असलेल्या काही जणांना ते जमत नाही. बोटांची टोकं भिडतात, तळव्यांच्या कडा भिडतात, मध्ये मात्र फट राहते. कातडी जाड आणि मेणचट झालेली असते, बोटांचे सांधे आखडलेले असतात. वैद्यकात या खुणेला ‘प्रेयर साइन’ म्हणतात. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अगदी लहान वयाच्या मधुमेही रुग्णांमध्ये हा प्रकार नोंदवला. जी ताठर त्वचा म्हातारपणी दिसायची, ती पोरसवदा हातांवर दिसत होती.

या ताठरपणामागे रक्तातल्या साखरेचा हात असतो. मधुमेहात ती जादा असते म्हणून परिणाम लवकर आणि ठळक दिसतो. पण साखर सगळ्यांच्याच रक्तात असते, त्यामुळे हीच प्रक्रिया मधुमेह नसलेल्यांच्या त्वचेतही चालू असते, फक्त सावकाश. तिचं नाव ग्लायकेशन, म्हणजे साखर प्रथिनांना चिकटणं.

ही प्रक्रिया पहिल्यांदा नीट मांडली ती एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने. लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये साखर आणि अमिनो आम्लं एकत्र तापवून पाहिली. मिश्रण तपकिरी झालं आणि त्याला वेगळाच वास सुटला. भाकरीवर उठणारे करडे डाग, बेसन भाजताना घरभर पसरणारा वास, कॉफीच्या बियांचा रंग, थालीपिठाची खरपूस कड हे सगळं मुख्यतः याच ‘मायार प्रक्रिये’चं देणं आहे. पुढची निदान चार-पाच दशकं हा विषय खाद्यउद्योगाच्या प्रयोगशाळांतच अधिक रमला. चुलीवर जे काही मिनिटांत घडतं ते ३७ अंश सेल्सिअस तापमानाच्या शरीरातही घडत असेल, फक्त त्याला वर्षं लागत असतील, हे ध्यानात यायला वेळ लागला.

ते ध्यानात आणून दिलं तेहरानने. १९६८ मध्ये तिथल्या विद्यापीठात सॅम्युएल रहबर रुग्णांचं हिमोग्लोबिन तपासत होते. मधुमेह्यांच्या नमुन्यांत त्यांना हिमोग्लोबिनचा एक वेगळा प्रकार वाढलेला दिसला. हे साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन होतं. आज गावोगावच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणून जी एचबीए१सी तपासणी होते, तिची सुरुवात तिथे झाली. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. तेवढ्या काळात तिच्यातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, हे ती तपासणी सांगते. म्हणजे ग्लायकेशनचा अहवाल लाखो मराठी घरांतल्या फायलींत आधीपासूनच आहे.

तांबडी पेशी चार महिन्यांत मोडीत निघते, तिच्याबरोबर चिकटलेली साखरही जाते. त्वचेतल्या कोलॅजेन या प्रथिनाची गोष्ट वेगळी. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००० मध्ये मोजून पाहिलं, तेव्हा त्वचेतलं निम्मं कोलॅजेन बदलायला सुमारे १५ वर्षं लागतात असं दिसलं. सांध्यांच्या कूर्चेतल्या कोलॅजेनसाठी तर हा आकडा शंभर वर्षांच्या पुढे गेला. जे प्रथिन इतकी वर्षं जागा सोडत नाही, त्याला साखरेचा सहवासही तितकाच लांबतो.

या सहवासाचे टप्पे ठरलेले आहेत. आधी ग्लुकोजचा रेणू प्रथिनातल्या लायसीनसारख्या अमिनो आम्लाला सैलसर चिकटतो. त्यासाठी कोणतंही एन्झाइम लागत नाही. साखर जवळ आली की चिकटते, आणि या पातळीवर ती सुटूही शकते. काही दिवसांत जोड घट्ट होतो. पुढच्या महिन्या-वर्षांत त्यात आणखी रासायनिक बदल होऊन अशी संयुगं तयार होतात, की तिथून सहसा माघार नसते. त्यांना ‘अ‍ॅडव्हान्स्ड ग्लायकेशन एंड-प्रॉडक्ट्स’, थोडक्यात एजीई म्हणतात. त्यातली काही शेजारशेजारच्या दोन कोलॅजेन-धाग्यांना एकमेकांशी जखडून टाकतात. १९८०च्या दशकात अमेरिकेत अँथनी सेरामी, व्हिन्सेंट मोनिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही साखळी उलगडली आणि वार्धक्याशी तिचा संबंध जोडला. अशा जोडांपैकी मानवी ऊतींमध्ये विपुल आढळणारा ‘ग्लुकोसेपेन’ प्रयोगशाळेत बनवायला मात्र २०१५ साल उजाडलं. येल विद्यापीठात ते साधलं.

त्वचेच्या आतल्या थरात कोलॅजेनचे धागे सुतळीने विणलेल्या बाजेसारखे असतात. माणूस बसला की वीण थोडी सरकते, उठला की जागेवर येते. कोलॅजेनमध्ये काही गाठी निसर्गानेच, एन्झाइमच्या मदतीने, ठरावीक जागी मारलेल्या असतात आणि त्या लागतातच. ग्लायकेशनच्या गाठी मात्र कुठेही बसतात. धागे सरकेनासे होतात. त्वचा दाबली की परतायला वेळ लागतो आणि हसताना पडणारी घडी हळूहळू तिथेच मुक्काम ठोकते. जखडलेलं कोलॅजेन एन्झाइमांना सहज तोडता येत नाही, त्यामुळे जुनं काढून नवं घालण्याचं कामही रेंगाळतं. एजीई पेशींवरच्या खास ग्राहींना (रिसेप्टरना) जाऊन चिकटतात आणि दाह वाढवतात. नवं कोलॅजेन बनवणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी मंदावतात. शिवाय यातली बरीच संयुगं पिवळसर-तपकिरी असतात. वयानुसार त्वचेवर येणाऱ्या पिवळट झाकेत त्यांचाही वाटा असतो.

माणसांवरचा पुरावा दोन बाजूंनी येतो. १९८३ ते १९९३ या काळात अमेरिका आणि कॅनडात टाइप-१ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. एका गटाची साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवली, दुसऱ्याला त्या काळचे नेहमीचे उपचार दिले. त्यांपैकी काहींच्या त्वचेचे तुकडे नंतर तपासले, तेव्हा काटेकोर गटाच्या कोलॅजेनमध्ये ग्लायकेशन कमी निघालं. साखर आवरली तर नुकसानीचा वेग कमी होतो, हे थेट त्वचेतच दिसलं.

दुसरा अभ्यास नेदरलँड्समधल्या लायडनचा, २०१३ सालचा. तिथे सहाशेहून अधिक स्त्री-पुरुषांचे चेहऱ्याचे फोटो परीक्षकांना दाखवून त्यांना वयाचा अंदाज करायला सांगितलं. खरं वय, धूम्रपान, वजन, उन्हाने झालेलं नुकसान हे सगळं हिशेबात धरल्यावरही रक्तातली साखर दर डेसिलिटरला सुमारे १८ मिलिग्रॅमने वाढली की माणूस सरासरी ०.४ वर्षाने, म्हणजे जवळपास पाच महिन्यांनी, थोराड दिसतो असा संबंध आढळला. परिणाम खरा, पण माफक. ‘साखर सोडा, दहा वर्षांनी तरुण दिसा’ अशी जाहिरात समोर आली की हा आकडा आठवावा.

माफक म्हणण्याचं कारण असं, की त्वचा म्हातारी करण्यात पहिला मान आजही उन्हाचाच आहे. २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचा फोटो छापून आला. २८ वर्षं ट्रक चालवताना त्याची डावी बाजू खिडकीकडे असायची. चेहऱ्याचा डावा भाग खोल सुरकुत्यांनी भरलेला, उजवा बराच नितळ. रक्तातली साखर दोन्ही गालांना सारखीच मिळत होती. फरक केला तो काचेतून आरपार येणाऱ्या यूव्हीए किरणांनी.

ऊन आणि साखर एकमेकांना हातभारही लावतात. उन्हाने जर्जर झालेल्या त्वचेतल्या इलास्टिन धाग्यांवर एजीई जास्त साठलेले आढळतात. यूव्हीए पडल्यावर ग्लायकेशन झालेली प्रथिनं घातक ऑक्सिजन-रेणू निर्माण करतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. तंबाखूचंही तेच. सिगारेटच्या धुरात ग्लायकेशन घडवणारी तयार संयुगं असतात, हे सेरामी यांच्याच गटाने १९९७ मध्ये दाखवलं.

इथे मराठी घरात हमखास विचारला जाणारा प्रश्न येतो : साखर बंद करून गूळ घेतला तर? गुळात थोडी खनिजं असतात हे खरं, पण त्याचा बहुतांश भाग सुक्रोजच असतो. पोटात गेल्यावर त्याचं निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज होतं. मधातही मुख्यतः हीच दोन. प्रयोगशाळेत फ्रुक्टोज प्रथिनांना ग्लुकोजच्या कितीतरी पट वेगाने चिकटतं. रक्तात ते फार थोडं असतं, म्हणून तेवढंच घाबरण्याचं कारण नाही. पण ‘नैसर्गिक आहे’ एवढ्यावर गुळाला आणि मधाला सूट मिळत नाही. पांढरा भात, पाव आणि मैद्याची बिस्किटंही रक्तात ग्लुकोज म्हणूनच उतरतात.

मग करायचं काय? क्रम महत्त्वाचा. पहिलं ऊन. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावात ९०३ प्रौढांवर साडेचार वर्षं चाचणी झाली. रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात त्वचेचं वार्धक्य मर्जीप्रमाणे लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी भरलं. सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन बरंच संरक्षण देतं, तरी दुचाकीवरून भर दुपारी हिंडणाऱ्यांना टोपी, स्कार्फ आणि सनस्क्रीन या तिन्हींची गरज आहे. दुसरं, तंबाखू बंद. ही दोन कामं केल्याशिवाय बाकीची चर्चा फिजूल.

तिसरं, रक्तातली साखर. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर, मध, सरबतं आणि फळांचा रस मिळून एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांखाली ठेवायला सांगते, आणि ५ टक्क्यांखाली आणली तर आणखी चांगलं म्हणते. हे ५ टक्के म्हणजे दिवसाला सुमारे २५ ग्रॅम, साधारण सहा चमचे. दोन-दोन चमचे साखरेचे तीन चहा झाले की कोटा संपला. कोल्याच्या एका ३०० मिलिलिटरच्या बाटलीत तो एका दमात संपतो. जेवणानंतर लगेच आडवं होण्याऐवजी दहा-पंधरा मिनिटं चाललं तर स्नायू ग्लुकोज ओढून घेतात आणि साखरेची उसळी कमी होते. पानावर आधी भाजी, कोशिंबीर, उसळ आणि शेवटी भात-पोळी, या क्रमानेही फरक पडतो.

चौथं, स्वयंपाक. कोरड्या, तीव्र आचेवर भाजलेल्या-तळलेल्या पदार्थांत एजीई तयारच असतात. उकडणं, वाफवणं, शिजवणं यात पाणी असतं आणि तापमान शंभर अंशांच्या आसपास थांबतं, म्हणून ते कमी बनतात. मांस भाजण्याआधी लिंबू किंवा व्हिनेगरमध्ये मुरवलं तरी प्रमाण घटतं. आहारातून आलेल्या एजीईंचा थोडाच भाग शरीरात शोषला जातो, तरी परिणाम दिसतो. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने २०२४ मध्ये ३८ स्थूल आणि जादा वजनाच्या प्रौढांवरची चाचणी प्रसिद्ध केली. बारा आठवडे उकडलेलं-वाफवलेलं अन्न खाणाऱ्यांची इन्सुलिनला मिळणारी साथ, भाजलेलं-तळलेलं खाणाऱ्यांपेक्षा सुधारली. चाचणीत सुरकुत्या मोजलेल्या नव्हत्या, पण इन्सुलिन नीट चाललं तर साखर आटोक्यात राहते आणि त्वचेला त्याचा फायदा मिळतो. अळूवडी वाफवून झाली की तिथेच थांबावं, कोथिंबीर वडी दर वेळी कढईत सोडू नये, इतपत बदल कुठल्याही घराला झेपण्यासारखा आहे.

राहिला बाजार. गाठी रोखणारं किंवा बसलेल्या गाठी सोडवणारं औषध शोधण्याचे गंभीर प्रयत्न झाले आहेत. ग्लायकेशन रोखणारं अमिनोग्वानिडिन १९८६ मध्ये गाजलं, पण माणसांवरच्या चाचण्यांत सुरक्षिततेचे प्रश्न उभे राहिले आणि ते मागे पडलं. गाठी तोडण्याची आशा दाखवणारं अलाजेब्रियम २००९ मध्ये पैशांअभावी थांबलं. तेव्हा ‘अँटी-ग्लायकेशन’ लिहिलेली महागडी बाटली गाठी तोडेल अशी अपेक्षा ठेवू नये. कार्नोसीनसारखे घटक परीक्षानळीत ग्लायकेशन अडवतात. बाटलीतून निघून त्वचेच्या खोल थरात तेच काम करतात याचा भक्कम पुरावा नाही. चेहऱ्याच्या सुरकुत्यांवर बऱ्यापैकी सिद्ध झालेलं जुनं औषध ट्रेटिनॉइन आहे. ते गाठी सोडवत नाही, नवं कोलॅजेन बनवायला चालना देतं. पण ते त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच वापरावं, आणि गरोदरपणात नाहीच.

थोडक्यात, ग्लायकेशन लांबवता येतं, उलटवता येत नाही. म्हणून सुरुवात जितकी लवकर तितका लाभ अधिक. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यातल्या अनेकांना आपल्या साखरेचा पत्ताच नाही. तिशी ओलांडलेल्या, विशेषतः घरात मधुमेहाचा वारसा असलेल्या वाचकांनी सुरकुत्यांचं क्रीम घेण्याआधी एकदा ‘तीन महिन्यांची शुगर’ तपासून घ्यावी. तपासणी क्रीमपेक्षा बहुधा स्वस्तच पडेल, आणि तिचा उपयोग डोळे, मूत्रपिंड, हृदय आणि त्वचा या सगळ्यांनाच होईल.